जोडझाकणाचा कागदी कप: पहिला नमुना कसा आखायचा

गरम पेयाच्या कागदी कपावर सुटं झाकण ठेवायचं म्हटलं की दोन वस्तू बनवाव्या लागतात, दोन वस्तू साठवाव्या लागतात, आणि घाईच्या वेळी चुकीच्या मापाचं झाकण हाती येतंच. झाकण कपालाच जोडलेलं असेल तर हा व्याप टळतो. पण त्या बदल्यात कपाची उंची वाढते, कागद वाया जाण्याचं प्रमाण वाढतं आणि आखणीतली मिलिमीटरची चूकही लगेच दिसते. २०० मिली पेयाचा एक नमुना घरी किंवा कार्यशाळेत हाताने बनवण्याइतपत मापं आणि क्रम इथे दिला आहे.

एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. असं झाकण पेय हिंदकळून बाहेर येऊ नये म्हणून असतं. कप आडवा पडला तर पेय सांडणारच, फक्त सावकाश सांडेल. पूर्ण गळतीबंद झाकण हवं असेल तर कागदाच्या घड्यांचा मार्ग सोडून द्या.

झाकण कसलं?

झाकण जोडण्याचे ढोबळ तीन मार्ग आहेत. पहिला म्हणजे नेहमीचं साच्यातलं झाकण एखाद्या पट्टीने कपाला बांधून ठेवणं. सोपं वाटतं, पण कप एकात एक रचताना ती लोंबणारी झाकणं अडकतात.

दुसरा मार्ग, भिंतीतूनच एक गोल चकती वर काढून ती बिजागरीसारखी मुडपणं. नवखे लोक बहुधा इथून सुरुवात करतात आणि इथेच अडकतात. गोल भिंतीवर सरळ घडी फार तर दोन-अडीच सेंटिमीटर लांब पडू शकते, त्यापुढे कागद चुरगळतो. शिवाय चकतीला खाली वळलेली कड नसल्यामुळे ती कपाच्या काठावर नुसती टेकते आणि वाफेने तिची कड वर उचलली जाते.

तिसरा मार्ग दोन पाकळ्यांचा. कपाचं तोंड दोन्ही बाजूंनी किंचित दाबून गोलाऐवजी बदामाच्या आकाराचं करायचं आणि समोरासमोरच्या दोन पाकळ्या वक्र घडीवर आत मुडपायच्या. भेटवस्तूंसाठी उशीच्या आकाराची कागदी डबी मिळते, तिची टोकं अशीच बंद होतात. वक्र घडी पडली की भिंत आणि पाकळी एकमेकींना ताणून धरतात, त्यामुळे पाकळी टचकन आत बसते आणि आपोआप उघडत नाही. बदामाचं एक टोक पिण्यासाठी, दुसरं हवेसाठी. उघड्या अवस्थेत पाकळ्या भिंतीचाच पुढचा भाग असतात, म्हणून कप एकात एक नीट बसतात. पुढचं सगळं या तिसऱ्या मार्गाबद्दल आहे.

कागद वाचेल अशा भ्रमात मात्र राहू नका. दोन्ही पाकळ्यांना मिळून ३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) सुमारे अडीच ग्रॅम कागद लागतो, आणि प्लॅस्टिकचं साधं झाकणही साधारण तेवढ्याच वजनाचं असतं. एकच वस्तू, एकच माल आणि सुट्या प्लॅस्टिक झाकणापासून सुटका, एवढाच यातला खरा फायदा.

कागद

कोरड्या नमुन्यांना २५० ते ३०० जीएसएमचा कोणताही ताठ कार्ड कागद चालेल. मापं जुळेपर्यंत महागडा कागद कापू नका. पाणी ओतायची वेळ आली की कपासाठीचाच कागद घ्या: २८० ते ३०० जीएसएम, पीईचा (पॉलिथिलीन या प्लॅस्टिकचा) थर दिलेला, जाडी साधारण ०.३८ मिमी.

गरम पेयाच्या साध्या कपाला आतून एकच थर पुरतो. इथे दोन्ही बाजूंनी थर हवा. कारण असं की वरची पाकळी खालच्या पाकळीवर बसते, दोघींच्या मधल्या फटीत पेय शिरतं, आणि खालच्या पाकळीचा वरचा पृष्ठभाग म्हणजे मूळ कपाची बाहेरची बाजू. ती कोरी असेल तर कागद पेय शोषून दहा-पंधरा मिनिटांत मऊ पडतो.

पीईऐवजी पाण्यात मिसळून लावलेला थर असलेले कागदही मिळतात. सपाट भिंतीवर ते ठीक असतात, पण घडीवर त्यातले बरेच थर तडकतात. इथे सगळी मदार घडीवर आहे, म्हणून पहिला नमुना पीईवरच करा. पीएलएचं (वनस्पतींपासून बनवलेल्या प्लॅस्टिकचं) तसं नाही: कागदावरचा पातळ पीएलए थर गरम पेयाला चालतो, कारण ताठपणा कागदाचा असतो. नुसत्या साध्या पीएलएपासून बनवलेलं झाकण मात्र ५५ ते ६० अंश सेल्सिअसच्या आसपासच लुळं पडतं.

आता ग्रेन, म्हणजे कागदातल्या तंतूंची दिशा. साध्या कपात ग्रेन सहसा उभं ठेवतात. तिथे काठ बाहेर गुंडाळताना कागद परिघावर ताणला जातो, आणि ग्रेनला आडव्या दिशेत कागद जास्त ताण सोसतो. आपल्या कपाला गुंडाळलेला काठच नाही, तेव्हा ते बंधनही नाही. पाकळ्यांच्या घड्या मुख्यतः आडव्या आहेत आणि ग्रेनला समांतर घडी स्वच्छ पडते, म्हणून ग्रेन आडवं घ्या. त्याने कप हातात दाबल्यावर कमी चेपतो, हा वरचा लाभ. तोटा एवढाच की कागद गोल वळायला कुरकुरतो आणि उभा जोड उघडू पाहतो. जोड दाबून धरण्याची वेळ थोडी वाढवावी लागते. ग्रेन ओळखायचं तर कागदाचा चौकोनी तुकडा दोन्ही दिशांनी हलका वाकवून पाहा. ज्या दिशेने तो सहज वाकतो, त्या वाकाच्या रेषेला ग्रेन समांतर असतं.

मापं: वरून खाली नव्हे, खालून वर

नेहमीच्या कपात काठाचा व्यास आधी ठरतो, कारण झाकण त्यावर बसायचं असतं. इथे सुरुवात पेयाच्या पातळीपासून करा.

तळाच्या चकतीपाशी आतला व्यास ५६ मिमी धरा आणि दर ५ मिमी उंचीला व्यास १ मिमीने वाढू द्या. चकतीपासून ६५ मिमीवर व्यास ६९ मिमी होतो. छेदलेल्या शंकूचं घनफळ काढलं तर π × ६५ ÷ १२ × (५६² + ५६×६९ + ६९²), म्हणजे जवळजवळ बरोबर २०० मिली. ही आपली भरणरेषा.

तिच्या वर ११ मिमी मोकळे सोडा, मग घडीचा सर्वांत खालचा बिंदू येईल. त्याच्याही वर २९ मिमीवर बदामाची दोन टोकं. या पातळीला पुढे टोकरेषा म्हटलं आहे. तिची चकतीपासूनची उंची १०५ मिमी आणि तिथला व्यास ७७ मिमी.

२९ हा आकडा कुठून आला? टोकरेषेचा परीघ २४२ मिमी, निम्मा १२१. तोंड दाबल्यावर प्रत्येक अर्धा परीघ १२० अंशांची कमान होईल असं धरलं तर कमानीची त्रिज्या ५७.७५ मिमी येते, बदामाची लांबी १०० मिमी आणि मधली रुंदी ५८ मिमी. आता नियम असा: घडी भिंतीवर जेवढी खाली उतरते ती खोली बदामाच्या निम्म्या रुंदीएवढी असेल, तरच पाकळी आडवी बसते. कमी ठेवली तर पाकळी पेयात बुडते, जास्त ठेवली तर ती वर तोंड करून उभी राहते. ५८ च्या निम्मे २९.

हे गणित उभ्या भिंतीचं झालं. आपली भिंत वर उमलत जाते, म्हणून पाकळ्या मध्याकडे आणखी सुमारे ३ मिमी झुकतात. त्याने बिघडत नाही. उलट दोन्ही पाकळ्या एकमेकींवर टेकून दाबल्या जातात.

भरणरेषेवर ११ मिमी कशाला, हा प्रश्न इथे सुटतो. तोंड गोल असताना टोकरेषेवरचं क्षेत्रफळ सुमारे ४६.५ चौरस सेंटिमीटर असतं, दाबून बदाम केला की ४१ उरतं. म्हणजे झाकण लावताना कप वरच्या बाजूला लहान होतो आणि पेय दोन-तीन मिमी वर चढतं. त्यात पाकळीचा ३ मिमी झोक. ११ मधून हे सगळं वजा केल्यावर जेमतेम ५ मिमी हवा उरते. गोल तोंडावर बेतलेली भरणरेषा ठेवून झाकण लावलं की पेय फटीतून वर येतं आणि लोक घडीला दोष देतात.

तळाची चकती कपाच्या बुडापासून ८ मिमी आत बसवा. बुडाशी व्यास ५४.४ मिमी होतो. हे ८ मिमी एकात एक रचण्यासाठी आहेत. भिंतीचा कल आणि ०.३८ मिमी जाडी पाहता, अडवायला काही नसेल तर एक कप दुसऱ्यात इतका खाली जातो की दोघांमध्ये जेमतेम ३.८ मिमी अंतर उरतं, आणि पाचर ठोकल्यासारखे ते एकमेकांत घट्ट बसतात. साध्या कपात गुंडाळलेला काठ सुटण्यात मदत करतो, इथे तो नाही. वरच्या कपाचं बूड खालच्या कपाच्या चकतीवर टेकलं तर अंतर ८ मिमी राहतं आणि भिंतींमध्ये सुमारे ०.४ मिमी हवा राहते. तेवढ्याने कप सहज सुटतात.

बंद कपाची उंची ११३ मिमी झाली, पाकळ्या उभ्या असताना १३९. पेयाच्या मानाने कप उंच आहे खरा. ज्या यंत्राखाली तो भरायचा आहे त्याच्या तोटीखालची जागा आजच मोजून ठेवा.

ब्लँक आखणं

शंकूची भिंत उलगडली की पंख्याचा आकार मिळतो. कापायचा सपाट तुकडा, म्हणजे ब्लँक, तो हाच. एकाच केंद्रातून पुढच्या कमानी काढा:

- २६६ मिमी: सर्वांत खालची कड. यातले ७ मिमी तळाशी आत वळवायचे आहेत.
- २७३ मिमी: कपाचं बूड.
- ३५८ मिमी: घडीचा सर्वांत खालचा बिंदू.
- ३८७ मिमी: टोकरेषा.
- ३९८ मिमी: वरच्या पाकळीचं शिखर.
- ४१३ मिमी: खालच्या पाकळीचं शिखर.

पंख्याचा कोन ३५.८ अंश. एका बाजूला जोडासाठी ७ मिमीची पट्टी वाढवा, टोकरेषेपर्यंतच. पंख्याच्या मधोमध केंद्रातून एक हलकी रेषा काढा. टोकरेषेवर ती जिथे छेदते ते पिण्याचं टोक. पंख्याच्या दोन्ही कडा जोडल्यावर जिथे येतात ते मागचं टोक. जोड मागच्या टोकावर आणण्याचं कारण घडी. जोडाशी कागद दुहेरी होतो आणि दुहेरी कागदावर वक्र घडी पडत नाही, जोड उकलतो. मागच्या टोकाशी पाकळ्या संपलेल्या असतात, त्यामुळे घडी जोडाला जेमतेमच शिवते.

आता प्रत्येक अर्ध्या भागात दोन कमानी. घडीची कमान टोकरेषेवरच्या दोन टोकबिंदूंतून आणि मधल्या ३५८ च्या बिंदूतून जाते. तिची त्रिज्या सुमारे ८७ मिमी येईल. पाकळीची बाहेरची कड त्याच दोन टोकबिंदूंतून वर फुगते. खालच्या पाकळीसाठी ती ४१३ च्या बिंदूतून (त्रिज्या ७४ मिमी), वरच्या पाकळीसाठी ३९८ च्या बिंदूतून (त्रिज्या १२३ मिमी) काढा. खालची पाकळी समोरच्या भिंतीपासून ३ मिमी अलीकडे थांबते आणि वरची ४० मिमी आत येऊन ती फट झाकते. पेयाला बाहेर यायचं तर त्या ३ मिमीच्या फटीतून वर चढून दोन पाकळ्यांच्या मधून परत ४० मिमी यावं लागतं. झाकणाचं सगळं काम या वळणवाटेवर चालतं, म्हणून वरची पाकळी आणखी आखूड करण्याचा मोह टाळा.

पिण्याच्या टोकाच्या दोन्ही बाजूंना टोकरेषेवर १०.५ मिमी मोजा आणि तिथून घडीच्या कमानीपर्यंत उभा छेद द्या. मधला २१ मिमी रुंदीचा भाग भिंत म्हणून उभाच राहील. त्याच्या वरची पाकळ्यांची टोकं कापून कड गोलसर करा. पाकळ्या मुडपल्यावर ही भिंत त्यांच्या वर सुमारे साडेआठ मिमी उभी राहते. हाच ओठ. तिच्या मागे १७ मिमी रुंद, ६ मिमी खोल असं तिकोनी छिद्र तयार होतं. मागच्या टोकाशी हेच माप ३ मिमी ठेवा. तिथली बारीक फट हवेसाठी आहे.

प्रत्येक छेदाचं टोक १.५ मिमी त्रिज्येने गोल करा. टोकदार छेद म्हणजे फाटण्याला दिलेलं आमंत्रण.

घड्या पाडणं

कागद कापून झाल्यावर, गोल करण्याआधी घड्या पाडा. डाय (घड्या दाबण्याचा साचा) बनवणार असाल तर क्रीजिंग पट्टी, म्हणजे घडी दाबणारी पट्टी, ०.७१ मिमी जाडीची आणि खाचेची रुंदी कागदाच्या जाडीची दीडपट अधिक पट्टीची जाडी: ०.५७ + ०.७१, म्हणजे १.३ मिमी. खाच अरुंद झाली तर पीईचा थर कापला जातो. रुंद झाली तर घडी दोन रेषांत विभागते आणि पाकळी लडबडते. हाताने करताना जाड कार्डात १.३ मिमीची वक्र खाच कोरून घ्या आणि बोथट दाभणाने दोन-तीनदा हलकं दाबा. एकाच जोरात दाबल्याने थर फाटतो.

फुगवटा कोणत्या बाजूला यावा याकडे नीट बघा. पाकळी आत मुडपते, तेव्हा घडीचा उंचवटा कपाच्या आतल्या बाजूला उठला पाहिजे. दाब बाहेरच्या पृष्ठभागावरून द्या, म्हणजे तो आत उठेल.

पिण्याच्या टोकाखाली ३० मिमी लांबीची एक उभी घडी पाडा, वरून खाली दाब कमी करत नेत. ती ठळकपणे मध्येच थांबली तर कप दाबताना तिच्या खालच्या टोकाशी कागद मोडतो. मागच्या बाजूला वेगळी घडी नको, जोडाची कडच ते काम करते.

जोडणी

थर दोन्ही बाजूंना असल्यामुळे पीई पीईला चिकटतो, वेगळा डिंक लागत नाही. लाकडाचा किंवा थ्रीडी प्रिंट केलेला शंकू साचा म्हणून घ्या. जोडावर बेकिंग पेपर ठेवून इस्त्री मध्यम तापमानाला दाबा. एलडीपीई (कपांवर असतो तो पीईचा प्रकार) साधारण १०५ ते ११५ अंशांना वितळतं, पण उष्णता कागदातून आरपार जायला वेळ लागतो, म्हणून पाच-सहा सेकंद द्या आणि मग थंड होईपर्यंत सपाट वस्तूने दाबून धरा. गरम असतानाच सोडलात तर आडव्या ग्रेनचा कागद जोड उघडतो. इस्त्री पाकळ्यांच्या घड्यांवर नेऊ नका.

तळासाठी ७० मिमी व्यासाची चकती कापा. तिची ७ मिमी कड खाली वळवली की ५६ मिमीचा तळ उरतो. चकती उलट्या डबीसारखी आत बसवा, भिंतीचे खालचे ७ मिमी आत वळवून कडेवर घ्या आणि तिन्ही पदर गरम करून दाबा. तळाला पडणाऱ्या सुरकुत्या बारीक आणि सारख्या अंतरावर असाव्यात. एकच मोठी सुरकुती म्हणजे गळती. उभा जोड तळाला मिळतो त्या जागी पाच पदर होतात, तिथे जास्त वेळ दाब द्या. पाणी बहुतेक वेळा तिथूनच झिरपतं.

बंद करणं आणि पिणं

कृती अशी असावी: एका हाताने कप खालून धरायचा, दुसऱ्या हाताने रुंद बाजू हलक्या दाबायच्या, आधी लांब पाकळी आत, मग आखूड. हा क्रम कपावर छापा, कारण उलट केलं तर झाकण बसल्यासारखं दिसतं आणि पहिल्याच घोटाला बाजूने गळतं. आखूड पाकळीवर बोटाच्या टोकाएवढा ठिपका आणि लांब पाकळीवर '१' एवढंही पुरतं.

बोटं वाफेवर असताना ही कृती होते, हे विसरू नका. ६० अंशांचं पाणी सुमारे पाच सेकंदांत प्रौढ माणसाची त्वचा खोलवर भाजतं, आणि पेय कपात पडतं तेव्हा ते त्याहून बरंच गरम असतं. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या अल्बुकर्की शहरात उभ्या गाडीत गुडघ्यांमध्ये धरलेल्या कॉफीच्या कपाचं झाकण काढताना एका वृद्ध महिलेला भाजलं आणि तो खटला जगभर गाजला. कॉफी ८२ ते ८८ अंश सेल्सिअसला दिली जात असल्याचं त्या खटल्यात पुढे आलं. आखणी करणाऱ्याने त्यातून घ्यायचं ते हे, की झाकण लावणं आणि काढणं हाच सगळ्यात धोक्याचा क्षण असतो. आपल्या कपाला म्हणूनच दोन कसोट्या: पाकळी बसायला एका बोटाचा हलका दाब पुरला पाहिजे, आणि ती बसताना बोट घडीच्या खाली जाता कामा नये. जोर लावावा लागत असेल तर घडी पुन्हा नीट पाडा. साखर घालायला लोक झाकण पुन्हा उघडणार, तेव्हा आखूड पाकळीच्या कडेला ८ मिमीची जीभ ठेवा, म्हणजे नखाने ओरबाडावं लागणार नाही.

पिण्याचं छिद्र मोठं करण्याची घाई नको. आपल्या मापात ते सुमारे ५५ चौरस मिमी आहे. ६५ अंशांपेक्षा गरम पेयं कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये नोंदवलं आहे. लहान घोट आणि वाटेत मिळणारी हवा याने पेय ओठाशी थोडं निवतं. पण मागची फट बंद असेल तर लहान छिद्रसुद्धा धोक्याचं. हवा आत जाऊ शकली नाही की पेय अडतं आणि मग गचकन येतं.

नाकाचाही विचार करा. १९८० च्या दशकात जॅक क्लेमेंट्स यांनी सोलो या अमेरिकी कप कंपनीसाठी आखलेलं 'ट्रॅव्हलर' झाकण गाजलं ते याचमुळे: ओठाशी कड उंच, मागे नाकाला जागा, फेसाला वर मोकळीक. आपल्या पाकळ्या मध्याशी खोल जातात, त्यामुळे नाकाची जागा फुकटात मिळते. फेसाळ पेयाला मात्र हा कप बरा नाही. फेस थेट पाकळीला लागतो.

नमुना तपासणं

९० अंशांच्या पाण्यात खाण्याचा गडद रंग मिसळा. साध्या पाण्यात गळती दिसत नाही.

भरणरेषेपर्यंत पाणी ओता, झाकण लावा आणि कप पांढऱ्या टिपकागदावर ४५ अंशांनी कलता धरा, आधी दोन्ही रुंद बाजूंना, मग मागच्या टोकाला, दर वेळी १५ सेकंद. रुंद बाजूंना एखाद-दुसरा थेंब आला तर पहिल्या नमुन्याला चालेल. धार लागली तर लांब पाकळी आखूड पडली आहे किंवा तिची कड समोरच्या भिंतीशी उचलली गेली आहे.

मग कप अर्धा तास तसाच ठेवा. नंतर छेदांच्या आणि ओठाच्या कडांवर रंग किती मिमी आत शिरला ते मोजा. पृष्ठभागावर थर असला तरी कापलेली कड उघडीच असते आणि पाणी तिथूनच शिरतं. ओठाशी ३ मिमीच्या वर रंग गेला तर कागद बदला, तो पुरेसा पाणीरोधक नाही. कपाच्या आत उभ्या जोडाची उघडी कड असते तिथेही हेच पाहा.

कप हातात घेऊन चालून पाहा, आणि मुद्दाम चुकीच्या जागी धरा: दोन टोकांवर. टोकं जवळ आली की बदाम पुन्हा गोल व्हायला लागतो आणि पाकळ्या फटकन वर उडतात. हा या रचनेचा स्वभावदोष आहे. घडी कितीही घट्ट केली तरी तो जात नाही. उपाय म्हणजे हात तिथे जाणारच नाही असं करणं. पकडीची जागा खाली, रुंद बाजूंना, आणि बाहेरचं उष्णतारोधक वेष्टन उभ्या घडीच्या खालीच संपवणं. वेष्टन वरपर्यंत नेलं तर आणखी एक पंचाईत होते. ते तोंडाला बदाम होऊ देत नाही आणि झाकण लागतच नाही.

पाकळ्या दहा वेळा उघडझाप करा. घडीवर पांढरी रेघ उमटली तर थर तडकायला लागला आहे. शेवटी वीस-पंचवीस कप एकात एक रचून वर एक किलो वजन रात्रभर ठेवा. सकाळी ते एका हाताने सुटले पाहिजेत.

मशीनवर नेण्याआधी

साध्या कपाचे पंखे कागदावर एकमेकांना खेटून मांडता येतात, कारण एकाची वरची कमान दुसऱ्याच्या खालच्या कमानीत जवळजवळ बसते. पाकळ्यांनी ही सोय बिघडवली. पंखे आलटून पालटून उलटे मांडा आणि दोन शिखरांच्या मधल्या खळग्यात तळाच्या चकत्या मावतात का ते पाहा. त्या ७० मिमीच्या आहेत, बहुतेक वेळा मावत नाहीत, पण दोन पंख्यांच्या मांडणीत काही मिमी इकडेतिकडे केल्यास कधी जागा निघते.

कप बनवणाऱ्याला तीन गोष्टी लेखी द्या: काठ गुंडाळण्याचा टप्पा बंद ठेवायचा, जोडाची गरम हवा टोकरेषेच्या वर जाऊ द्यायची नाही, आणि पंखे साच्यावर घेताना पाकळ्यांना धरून ओढायचं नाही. तिसरी अट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पंखा ओढणारी पकड पाकळीवर आली तर घडी आधीच अर्धी मोडते, आणि मग भरताना एक पाकळी आत झुकून ओतल्या जाणाऱ्या धारेखाली येते.